साइड इन्कमचा टॅक्स: अंदाज बांधूच नका

एप्रिल आला की अमेरिकेतल्या मराठी घरांमधून एक ठरलेला त्रागा ऐकू येतो. "सगळा टॅक्स वेळेत भरला, एक डॉलर बुडवला नाही, तरी आयआरएसने दंड लावला!" (आयआरएस म्हणजे अमेरिकेचं कर खातं.) बहुतेक वेळा घरात एकाची नोकरी असते आणि दुसऱ्याचं स्वतःचं काहीतरी छोटं सुरू झालेलं असतं: गणिताच्या शिकवण्या, कथकचे क्लास, केक, वेबसाइटची कामं. सहानुभूती पूर्ण आहे, पण या भांडणात मी आयआरएसच्या बाजूने आहे. (हो, लिहिलं मी हे.)

इथे टॅक्स कमावता कमावता भरायचा असतो, एप्रिलमध्ये फक्त हिशोब मिटवायचा. पगारदाराला हे जाणवत नाही, कारण १९४३ च्या कायद्यापासून कंपनी दर पगारातून टॅक्स कापून परस्पर सरकारला देते. तुमच्या क्लासच्या फीमधून कापणारं कोणी नाही. म्हणून वर्षअखेरीला कापलेला टॅक्स वगळून १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त देणं निघणार असेल, तर ते वर्षातून चारदा आपणच भरायचं. नोकरदाराने जानेवारीच्या कमाईवरचा टॅक्स जानेवारीतच द्यायचा आणि आपण तोच पैसा पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत बिनव्याजी वापरायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

बरं, तो दंड म्हणजे तरी काय? व्याजच. दर सरकार ठरवतं. २०२१ मध्ये तो ३ टक्के होता, २०२५ मध्ये ७. समजा वर्षभरात चार हप्त्यांत मिळून ४,००० डॉलर भरायला हवे होते आणि एकही भरला नाही. ७ टक्क्यांनी दंड दोनशे डॉलरच्या आतच येतो. चीड येण्यासारखी रक्कम आहे, झोप उडण्यासारखी नाही. झोप उडवतात ते मूळचे ४,००० डॉलर, कारण ते तोपर्यंत खर्च झालेले असतात.

आणि ते खर्च होतात, कारण आपण साइड इन्कमला वरकमाई समजतो. खर्च वजा जाता १०,००० डॉलर उरले असं धरा. जोडीदाराच्या पगारामुळे तुमचं घर आधीच २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे. म्हणजे तुमची कमाई शून्यापासून मोजली जात नाही, ती त्या पगाराच्या डोक्यावर बसते. त्यात सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा: सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) १२.४ टक्के आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा आरोग्य विमा) २.९, मिळून १५.३. नोकरीत यातला अर्धा कंपनी भरते आणि आपल्याला तो कधी दिसतही नाही. इथे दोन्ही अर्धे आपलेच. हा टॅक्स निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्क्यांवर लागतो, म्हणजे १,४१३ डॉलर. त्यातला अर्धा उत्पन्नातून वजा होतो, वर छोट्या धंद्यांसाठीची २० टक्क्यांची वजावट असते, आणि उरलेल्यावर २२ टक्क्यांनी साधारण १,६३६. फेडरलचेच (म्हणजे केंद्र सरकारचे) तीन हजारांवर गेले. कॅलिफोर्नियात ९.३ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर एकूण आकडा चार हजारांच्या जवळ पोचतो.

आता सांगा, तासाला ३० डॉलर फी लावताना हे कोणी धरलं होतं? शिकवणीची फी ठरवताना लोक शेजारच्या क्लासची फी बघतात, केकची किंमत ठरवताना मैदा-लोणी मोजतात. टॅक्स कोणी मोजत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्याअधिक हौशी धंद्यांची किंमत इथेच चुकते. आणि चारशे डॉलर निव्वळ कमाई झाली की हा १५.३ चा टॅक्स सुरू होतो. चारशे! वर्षभरात!

"पण झेलवर आले पैसे, १०९९ आलाच नाही." (झेल म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय, १०९९ म्हणजे पैसे देणाऱ्याने पाठवायचा तुमच्या कमाईचा फॉर्म.) फॉर्म आला नाही म्हणजे उत्पन्न झालं नाही, असं होत नाही. ६०० डॉलरची मर्यादा २०२६ पासून २,००० झाली आहे, पण ती फक्त फॉर्म पाठवणाऱ्यासाठी. तुमच्यासाठी पहिल्या डॉलरपासून उत्पन्नच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मात्र टॅक्सच्या आधी व्हिसाचा प्रश्न येतो. त्या नोकरीबाहेर काम करून कमवायला परवानगीच नाही. एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असेल तर स्वतःचं काम करता येतं.

सरकारवर माझा राग आहे तो तारखांबद्दल. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. याला सगळे तिमाही म्हणतात, पण पहिला हप्ता तीन महिन्यांच्या कमाईचा, दुसरा दोन, तिसरा तीन आणि चौथा चार. एप्रिलचा हप्ता भरून दम घेतोय तोवर जून उभा. शिवाय १५ एप्रिलला गेल्या वर्षाची उरलेली रक्कम आणि या वर्षाचा पहिला हप्ता, दोन्ही एकाच दिवशी. नव्याने धंदा करणारा इथेच कोलमडतो.

हप्ता किती भरायचा यावर मात्र लोक उगाच डोकं फोडून घेतात. दिवाळीत ऑर्डरी किती येतील, उन्हाळ्यात मुलं गळतील का, एक्सेलच्या शीटवर शीट. काही गरज नाही. गेल्या वर्षीचा एकूण टॅक्स १०४० फॉर्मवर, म्हणजे तुमच्या रिटर्नवर, छापलेला आहे. तेवढा या वर्षी वेळेवर भरला की यंदा कमाई तिप्पट झाली तरी दंड नाही. गेल्या वर्षीचं समायोजित उत्पन्न (काही ठरावीक वजावटींनंतरचं) दीड लाख डॉलरच्या वर असेल (दोघं कमावत असाल तर बऱ्याचदा असतं) तर १०० ऐवजी ११० टक्के. समजा गेल्या वर्षी टॅक्स होता २४,०००. त्याचे ११० टक्के २६,४००. पगारातून २५,००० कापले जाणार असतील तर उरले १,४००, म्हणजे दर हप्त्याला ३५०. झालं. जास्तीचं जे निघेल ते एप्रिलमध्ये द्या, फक्त तोवर वेगळ्या खात्यात ठेवा. यंदा कमाई घसरली असेल तर दुसरा रस्ता आहे, यंदाच्या टॅक्सच्या ९० टक्के भरण्याचा. पण तिथे अंदाज बांधावा लागतो.

त्याहून सोपी वाट नोकरी करणाऱ्या जोडीदाराच्या हातात आहे. पगारातून कापलेला टॅक्स, तो कधीही कापलेला असो, वर्षभर समान कापला गेला असं धरलं जातं. म्हणून ऑक्टोबरमध्ये जाग आली तरी कंपनीला द्यायच्या डब्ल्यू-४ फॉर्मच्या ४(सी) मध्ये दर पगारामागे जादा रक्कम लिहून द्यायची, चुकलेले हप्ते आपोआप भरून निघतात. एकट्याने फ्रीलान्सिंग करणाऱ्याला ही सोय नाही. त्याने जूनचा हप्ता चुकवला आणि डिसेंबरमध्ये दुप्पट भरला तरी मधल्या महिन्यांचं व्याज द्यावंच लागतं. ज्याच्या घरात पगार आहे त्याला सवलत, आणि ज्याची कमाईच बेभरवशाची त्याला घड्याळ. हा दुजाभाव मला खरोखर खटकतो. कमाई वर्षाच्या शेवटी एकदम आली असेल तर दंडाच्या हिशोबाच्या २२१० फॉर्मच्या एआय परिशिष्टात महिन्यांनुसार हिशोब मांडून दंड कमी करता येतो, पण ते परिशिष्ट भरून बघा एकदा.

भारतातलं उत्पन्नही यात येतं, आणि ते हमखास विसरलं जातं. एनआरई ठेवींचं (अनिवासी भारतीयांच्या तिकडच्या बँक ठेवींचं) व्याज तिकडे करमुक्त, इकडे नाही. फ्लॅटचं भाडंही इकडे रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. या दोन्हींवर १५.३ चा बोजा सहसा नसतो, पण अमेरिकेत त्यातून कोणी काही कापत नाही, म्हणून हप्त्यात ते धरावं लागतं.

राज्याचा हिशोब वेगळा. टेक्सास आणि फ्लोरिडावाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्या, तिथे राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. कॅलिफोर्नियात तारखा त्याच, पण वाटणी ३०, ४०, ० आणि ३० टक्के. सप्टेंबरमध्ये काहीच नाही, जूनमध्ये सगळ्यात जास्त. बाकीच्यांनी आपापल्या राज्याच्या महसूल खात्याच्या साइटवर बघा. आणि मी सीपीए (इथला सीए) नाही, त्यामुळे इनबॉक्समध्ये रिटर्नच्या पीडीएफ पाठवू नका, प्लीज.