‘तुम्हाला चव कळत नाही, स्वस्ताई कळते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन होजे शहराच्या टली रोडवर फोचे, म्हणजे मांसाच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवयांचे, एक साधे व्हिएतनामी दुकान आहे. त्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर ‘अस्सल खवय्या’ या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. लेख वाचून हे गृहस्थ त्या दुकानात गेले. तेथील टेबले चिकट होती आणि वाढणाऱ्या बाई एकदाही हसल्या नाहीत. पाच मिनिटांत आलेले अन्न ताजे असूच शकत नाही. रस्सा गोड लागला आणि त्यात अजिनोमोटो होते. खरा फो हनोईत मिळतो, त्यात ‘असला पालापाचोळा’ नसतो, आणि हे ते व्हिएतनामला दोनदा जाऊन आल्यामुळे सांगू शकतात. इतक्या कमी पैशांत पोट भरत असेल तर बाकीचे पैसे भटारखान्यातील कोणीतरी आपल्या कष्टांतून भरत असणार. शाकाहारी पाहुण्यांचा लेखात उल्लेखही नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘तुम्हाला चव कळत नाही, स्वस्ताई कळते.’

महोदय, प्रथम आपल्या भाषेविषयी. टीका करणे हा वाचकाचा हक्क आहे, आणि आजवर मी येथून एकही प्रतिकूल प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, हे जुने वाचक जाणतात. परंतु लेखातील एखादे विधान पटले नाही असे म्हणणे आणि लेखकाची जीभच कुचकामी आहे असे जाहीर करणे, यांत काही अंतर असते. ते अंतर आपण एका वाक्यात ओलांडले आहे, आणि तेही टोपणनावाआडून. माझे नाव लेखाच्या वर छापलेले असते. आपलेही कळले असते तर मी याहून अधिक आदराने लिहिले असते, असे वाटते.

टेबले चिकट होती, हे मला मान्य आहे. गोड होयसिन सॉसच्या आणि तिखट श्रीराचा सॉसच्या बाटल्या जेथे दिवसभर या हातातून त्या हातात जातात, तेथील टेबल ओल्या फडक्याने कितीही पुसले तरी थोडे चिकट राहतेच. हा मुद्दा आपला.

आता त्या वाक्याकडे वळतो. स्वस्त अन्न आणि चांगले अन्न एकत्र नांदत नाहीत, असे गृहीत धरल्याशिवाय ते वाक्य लिहिताच येणार नाही, आणि हे गृहीतक कोणाच्या मनात रुजते तेही मला ठाऊक आहे. ज्याने अन्न नेहमी विकत घेतले, पण विकण्यासाठी शिजणारे अन्न कधी जवळून पाहिले नाही, त्याच्या मनात ते रुजते. मी विकण्यासाठी शिजवणाऱ्या घरात वाढलो आहे. माझी आत्या सांगलीत खाणावळ चालवत असे, आणि वडिलांच्या बदलीच्या नोकरीमुळे माझी शाळेची बरीच वर्षे तिच्याकडे गेली. कॉलेजची मुले, एस.टी.चे कंडक्टर, बँकेत नव्याने लागलेले कारकून महिन्याचे पैसे भरून जेवायला येत. ताट स्वस्त होते, कारण ताटात निवड नव्हती. त्या दिवशी जी भाजी असेल ती, जी आमटी असेल ती. निवड नसल्यामुळे फारसे काही उरत नसे, आणि उरत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी शिळे खपवण्याची वेळ येत नसे. मसाला मात्र आत्या स्वतः भाजून डंकावर कुटून आणत असे, आणि खोबरे जरा करपले तर ते बाजूला काढून पुन्हा पहिल्यापासून भाजायला बसत असे. तिच्यासमोर मिरच्यांची देठे खुडत बसून मी जे शिकलो, ते पंचतारांकित हॉटेलात रुमाल मांडीवर पसरून शिकता येत नाही. आपले वाक्य मला लागले ते यामुळे, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

टली रोडवरच्या त्या दुकानाचा हिशेब आत्याच्या हिशेबापेक्षा वेगळा नाही. मेन्यूवर तीस-चाळीस क्रमांक दिसतात, म्हणून निवड पुष्कळ आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक फो एकाच पातेल्यातून निघतात. कोणात गोमांसाचे पातळ कच्चे काप, कोणात शिजवलेले छातीचे मांस, कोणात कंडरा, कोणात वजडी, कोणात मांसाचे गोळे, आणि मग या सर्वांच्या जोड्या. वरचे बदलते, खालचा रस्सा आणि तांदळाच्या शेवया त्याच राहतात. शिवाय जे मांस वापरतात त्यातील पुष्कळसे स्टेकच्या हॉटेलात कोणी मागत नाही, म्हणून ते स्वस्त मिळते. सावकाश शिजवले तर मात्र तेच खाण्याजोगे होते.

त्या रश्श्याला पैसे कमी लागतात, वेळ अतोनात लागतो. हाडे आधी एका पाण्यात उकळून ते फेसाळ पाणी ओतून द्यावे लागते, हाडे धुवावी लागतात, आणि मग नव्या पाण्यात ती मंद आचेवर तासन्‌तास, पुष्कळ ठिकाणी रात्रभर, ठेवावी लागतात. मधूनमधून वरचा मळ काढत राहावे लागते, आणि घाई करून खळखळ उकळी आणली की रस्सा गढूळ झालाच म्हणून समजावे. कांदा आणि आले आगीवर काळे डाग पडेपर्यंत भाजतात. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे आणि आपल्या मसाला वेलदोड्याच्या कुळातला एक मोठा वेलदोडा कोरडे भाजून घालतात, आणि चवीला नुओक माम, म्हणजे माशांचा खारट सॉस, व थोडी खडीसाखर. यांतील एकही जिन्नस चैनीचा नाही आणि एकही पायरी गाळण्याजोगी नाही. पायरी गाळली असेल तर पहिल्या चमच्यात कळते. मला कळते, महोदय, आणि ज्या दुकानात ती गाळलेली आढळली त्या दुकानावर मी कधी लिहिलेले नाही, मग तेथील वाडगा कितीही स्वस्त असो.

पाच मिनिटांत वाडगा येतो तो याच कारणाने. शेवया जाळीच्या झाऱ्यात घालून उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवायच्या, वाडग्यात उपड्या करायच्या, वर मांसाचे काप, कांदा आणि कोथिंबीर ठेवायची, आणि उकळता रस्सा ओतायचा. कच्चे काप त्या रश्श्याच्या उष्णतेनेच शिजतात, आणि म्हणून वाडगा टेबलावर धावतच यावा लागतो. आपण पाच मिनिटे मोजलीत. आदली रात्र मोजायची राहिली.

रस्सा गोड लागल्याविषयी एक जुनी गोष्ट सांगतो. मी या शहरात नोकरीला आलो तेव्हा आमच्या कंपनीत सर्किट बोर्ड जोडणाऱ्या विभागात व्हिएतनामी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १९७५ नंतर निर्वासित म्हणून आलेल्या अनेक व्हिएतनामी कुटुंबांचे पाय या सिलिकॉन व्हॅलीच्या खोऱ्यात रोवले गेले ते इलेक्ट्रॉनिक्समधल्या अशाच कामांवर. त्यांच्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी मला फो खायला शिकवला. आधी नुसता रस्सा चाखायचा. मग लिंबू पिळायचे, पाने हाताने तोडून घालायची, आणि होयसिन व तिखट सॉस शेजारच्या छोट्या बशीत घेऊन मांस त्यात बुडवायचे. ते सॉस वाडग्यात पिळणारेही पुष्कळ आहेत, व्हिएतनामी लोकांतही आहेत, आणि तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग झाला. मात्र होयसिन हा मुळात गोड सॉस आहे. तो वाडग्यात ओतून नंतर रस्सा गोड लागल्याची तक्रार करणाऱ्याने दुसऱ्याच्या जिभेची परीक्षा घ्यायला बसू नये.

स्वस्त जागेला चव नसते, हे आपले मत जाणकारांनाही मान्य दिसत नाही. याच कॅलिफोर्नियातील गार्डन ग्रोव्हच्या ‘फो ७९’ या साध्या दुकानाला २०१९ साली जेम्स बिअर्ड फाउंडेशन या खाद्यक्षेत्रातील नामवंत अमेरिकन संस्थेने ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा सन्मान दिला. आणि आपल्या हनोईतच मे २०१६ मध्ये प्रसिद्ध अमेरिकन शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन आणि त्या वेळचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा एका साध्या दुकानात प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून बुन चा, म्हणजे भाजलेले डुकराचे मांस आणि तांदळाच्या शेवया, जेवले, आणि दोघांच्या जेवणाचे बिल सुमारे ६ डॉलर झाले. बोर्डेन यांनाही फक्त स्वस्ताईच कळत होती काय, याचे उत्तर आपण सवडीने द्यावे.

‘खरा फो हनोईचा’ या विधानाविषयी थोडक्यात लिहितो. फोचा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीस हनोई आणि नाम दिन्ह यांच्या परिसरात झाला, आणि उत्तरेकडचा फो आजही साधाच असतो: मुरवलेल्या लसणाचे व्हिनेगर, मिरची, फार तर तळलेल्या पिठाची कांडी. येथपर्यंत आपले बरोबर आहे. परंतु व्हिएतनामचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर ८ ते १० लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले, त्यांच्याबरोबर फोही मोठ्या प्रमाणावर दक्षिणेची राजधानी सायगावला पोचला, आणि तेथे त्याच्या सोबत मोड आलेले मूग, थाई तुळस, लांब पानांची रानकोथिंबीर आणि होयसिन आले. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडल्यानंतर जे लोक अमेरिकेत आले ते प्रामुख्याने दक्षिणेतले होते. आज सॅन होजेत व्हिएतनामी वंशाचे एक लाखाहून अधिक लोक राहतात, आणि व्हिएतनामच्या बाहेर एवढी वस्ती दुसऱ्या कोणत्याही शहरात नाही. त्यांच्या दुकानात त्यांच्या गावचा फो मिळाला तर तो खोटा कसा ठरतो? आणि हनोईचा म्हणाल, तर युद्धकाळात तेथील सरकारी दुकानांत मांसाचा तुकडाही नसलेला फो विकला जात असे, आणि लोक त्याला वैमानिकाविना उडणाऱ्या टेहळणी विमानांवरून ‘बिनवैमानिकाचा फो’ म्हणत. तोही हनोईचाच, आणि अगदी खरा. आपण दोनदा जाऊन आलात, याचा आनंद आहे, परंतु पासपोर्टवरचे शिक्के जिभेवर उमटत नाहीत.

बाकीचे मुद्दे फारसे दम असलेले नाहीत. अजिनोमोटो व्हिएतनामी स्वयंपाकघरात उघडपणे वापरतात. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन त्याला सामान्यतः सुरक्षित जिन्नसांत गणते, आणि आपल्या आवडत्या हॉटेलातील सूपमध्ये ते नसते असे आपण धरून चालला असाल तर माझा नाइलाज आहे. वाढणाऱ्या बाई हसल्या नाहीत, कारण त्यांच्या एका हातात तीन वाडगे होते आणि हसणे हा मेन्यूवरचा क्रमांक नव्हता. भटारखान्यातील कष्टांचा प्रश्न कामगार खात्याचा आहे. सॅन होजेचे किमान वेतन राज्याच्या किमान वेतनाहून जास्त आहे, ते पाळले जाते की नाही हे पाहणारी यंत्रणा आहे, आणि जेवणावरच्या लेखात तो विषय ओढून आणणे मला अप्रस्तुत वाटते. त्याच शहरात पंधरा डॉलरच्या वाडग्यावर आपण किती टिप ठेवलीत, तेही आपण लिहिलेले नाही.

शाकाहारी पाहुण्यांचा प्रश्न मात्र उपयोगाचा आहे, आणि सगळी प्रतिक्रिया तेवढ्यावर थांबली असती तर हे उत्तर दोन ओळींचे झाले असते. फोच्या साध्या दुकानात शाकाहारी माणसाला नेऊ नये. ‘मांस काढून द्या’ असे सांगून भागत नाही, कारण रस्साच हाडांचा असतो, आणि टोफूच्या पदार्थांतही नुओक माम असू शकतो. व्हिएतनामी बौद्धांमध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळण्याची पद्धत आहे, त्यामुळे जेथे त्यांची वस्ती मोठी आहे तेथे पूर्ण शाकाहारी दुकानेही असतात, आणि त्यांच्या पाटीवर ‘चाय’ असा शब्द असतो. तेथील रस्सा मुळा, गाजर आणि मशरूम यांचा असतो. काटेकोर बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, तेव्हा घरी चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई आल्या असतील तर त्यांनाही तेथे नेता येईल, फक्त आधी विचारून घ्यावे. ज्यांना केवळ गोमांस चालत नाही त्यांनी कोंबडीचा फो मागवावा. त्याचे पातेले काही दुकानांत वेगळे असते, काही दुकानांत नसते. टली रोडवरच्या दुकानात ते वेगळे आहे, मी विचारले आहे.