परदेशातून : हा शेवटचा थर कुणासाठी?

मेकअपचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ही बघणाऱ्याची फसवणूक; दुसऱ्याचं, हा माझा आत्मविश्वास. त्यातच गोरेपणाचा वाद शिरतो आणि मेकअप बाजूलाच राहतो. इकडे ब्रिटनमध्ये भांडण सक्तीवरून होतं. व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीने २०१९ मध्ये महिला केबिन क्रूवरची मेकअपची अट काढली, तेव्हा कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर कंपनीचा हक्क कुठवर, यावर बोललं गेलं. हा वाद मला अधिक मोलाचा वाटतो. पण मेकअपमुळे बघणाऱ्याच्या नजरेत नेमकं काय बदलतं, हे इथेही फारसं कुणी विचारत नाही. ते कळलं, तर दोन्हीकडचे बरेच गैरसमज गळून पडतील.

रिचर्ड रसेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये एक साधी गोष्ट मोजून दाखवली. डोळे आणि ओठ भोवतालच्या त्वचेपेक्षा गडद असतात, आणि हा फरक सरासरीने पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या चेहऱ्यात जास्त असतो. काजळ, मस्कारा, लिपस्टिक नेमका हाच फरक वाढवतात. पुढे असंही दिसलं की चेहऱ्यावरचे असे बरेच फरक वयानुसार पुसट होतात, म्हणून ते ठळक केले की चेहरा तरुण भासतो. हे तपासणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात फ्रेंच, चिनी, लॅटिन अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकी कृष्णवर्णीय स्त्रियांचे चेहरे होते. भारतीय चेहरे नव्हते, पण गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला हा नियम लागू पडणार नाही असं मानायला मला कारण दिसत नाही.

आता यातून निघणारी गोष्ट बघा. फरक वाढवायचा असेल तर त्वचा उजळ करावी लागत नाही. डोळ्यांची कड आणि ओठ गडद केले की काम होतं. त्वचेचं काम वेगळं आहे, ती एकसारखी दिसायला हवी. चेहऱ्याची ठेवण तीच ठेवून फक्त त्वचेचा रंग कमीजास्त एकसमान केला, तरी लोकांचा वयाचा आणि आकर्षकपणाचा अंदाज बदलतो. म्हणजे फाउंडेशन, त्वचा एकसारखी दिसावी म्हणून लावायचा तळाचा थर, दोन शेड उजळ घेण्यामागचा हिशेबच चुकीचा आहे. त्याने चेहरा मानेपासून तुटतो आणि सावळ्या त्वचेवर राखाडी झाक येते, कारण फिकट शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असतं.

शेड निवडताना हातावर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला तीन शेडच्या उभ्या रेघा ओढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग खिडकीतल्या उजेडात बघा. थांबायचं ते अशासाठी की बरीच फाउंडेशन वाळल्यावर गडद होतात. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची शेड. वाटाण्याएवढं फाउंडेशन नाकाच्या दोन्ही बाजूंपासून बाहेरच्या दिशेने पसरवा. कडेला जवळजवळ काहीच उरलं नाही तरी चालतं, कारण डाग आणि लाली बहुधा मध्यभागी असतात. सनस्क्रीन नीट मुरायच्या आत वर फाउंडेशन चोळलं तर गोळ्या सुटतात. डोळ्यांखालच्या काळेपणावर थेट फिकट कन्सीलर (डाग झाकणारा दाट थर) लावला की तो भाग राखेसारखा दिसतो. आधी काळेपणा मारणाऱ्या पीच किंवा नारिंगी करेक्टरचा पातळ हात द्यावा, मग त्वचेच्याच शेडचा कन्सीलर. आणि फ्लॅशमध्ये फोटो निघणार असतील तर सिलिकाची पारदर्शक पावडर जपून वापरा. आरशात दिसत नाही, फोटोत मात्र पांढरे चट्टे उमटतात.

डोळ्यांना लायनर पापणीच्या केसांच्या मुळाशी, केसांमधल्या फटी भरेल इतकाच हवा. वरच्या पापणीला मस्कारा लावला की डोळा प्रत्यक्षाहून थोडा मोठा भासतो; खालच्या कडेवर आतून जाड काळी रेघ ओढली की बहुधा उलट होतं, डोळा मिटल्यासारखा दिसतो. लिपस्टिक स्वतःच्या ओठांपेक्षा एक-दोन छटा गडद असली तरी पुरते.

मग किती मेकअप पुरेसा? वेल्समधल्या बँगर विद्यापीठातल्या संशोधकांचं २०१४ मधलं काम मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ४४ तरुणींचे विनामेकअप आणि त्यांनी स्वतः केलेल्या मेकअपचे फोटो घेऊन, त्यांच्यामधल्या पायऱ्या संगणकावर तयार केल्या आणि बघणाऱ्यांना सर्वांत छान पायरी निवडायला सांगितली. स्त्री-पुरुष दोघांनीही प्रत्यक्षातल्यापेक्षा कमी मेकअप निवडला. मात्र इतरांना काय आवडेल, असं विचारल्यावर त्यांनी अंदाज जास्तीचा केला, विशेषतः पुरुषांच्या आवडीबद्दल. म्हणजे शेवटचा थर आपण अशा लोकांसाठी चढवतो, ज्यांनी तो मागितलेलाच नाही. आपल्याकडचं ‘फसवणूक’ हे दूषण मला इथे अन्यायाचं वाटतं. इथे चुकतो तो अंदाज, नियत नाही.

शिवाय बघायला किती वेळ मिळतो, यावरही परिणाम ठरतो. २०११ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॅन्सी एटकॉफ यांनी २५ स्त्रियांचे चार प्रकारचे फोटो वापरले : विनामेकअप, सौम्य, नोकरीला साजेसा आणि भडक. फोटो पाव सेकंद दाखवला तेव्हा मेकअपमुळे आकर्षकपणा, कार्यक्षमता, विश्वासार्हता, सगळ्याच बाबतीत गुण वाढले. निवांत बघू दिलं, तेव्हा भडक मेकअपच्या चेहऱ्यांना विश्वासार्हतेचे गुण कमी पडले. या अभ्यासाला सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलचा पैसा होता, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. तरी त्यातला, कंपनीला नावडता ठरेल असा हा निष्कर्ष मला दखल घेण्याजोगा वाटतो. स्टेजवर किंवा छोट्याशा प्रोफाइल फोटोत ठळक मेकअप शोभतो. तासभर समोरासमोर मुलाखत असेल तर तोच अंगावर येऊ शकतो.

आपल्यापुरता अंदाज दुरुस्त करायचा असेल तर एक प्रयोग आहे. तयार होताना तीनदा थांबा : फक्त त्वचा झाल्यावर, डोळे-ओठ झाल्यावर आणि सगळं आटोपल्यावर. दर वेळी त्याच खिडकीपाशी, हातभर अंतरावरून, फ्लॅशशिवाय फोटो काढा. लगेच बघू नका, दुसऱ्या दिवशी बघा. जमल्यास कुठला फोटो कधीचा हे न सांगता दोघा-तिघांना एक निवडायला लावा.