पॉइंट्सवर राहिलात म्हणून अपग्रेड मिळत नाही, हे खरं नाही

क्रेडिट कार्डांच्या आणि प्रवासाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो : "पॉइंट्सवर राहणाऱ्याला हॉटेल फुकटा समजतं आणि सगळ्यात खालची रूम देतं. अपग्रेड हवं असेल तर पैसे भरून बुक करा आणि काउंटरवर हनीमून आहे म्हणून सांगा." हे वाचून लोक साठवलेले, रोख पैशांऐवजी रूमसाठी वापरता येणारे पॉइंट्स तसेच पडू देतात आणि खिशातून पैसे भरतात. म्हणून एकेक मुद्दा बघू. उदाहरण मुख्यतः मॅरियट बॉन्वॉयचं, म्हणजे मॅरियट हॉटेलांच्या लॉयल्टी कार्यक्रमाचं घेऊ.

"हॉटेलला या रूमचे पैसेच मिळत नाहीत." मिळतात. पॉइंट्सच्या रात्रीची भरपाई हॉटेलला लॉयल्टी कार्यक्रमाकडून होते. हॉटेल जवळजवळ भरलेलं असेल तर ती त्या दिवसाच्या सरासरी दराच्या आसपास जाते. रिकाम्या दिवशी बरीच कमी असते. पण रिकाम्या दिवशी स्वीटही रिकामेच असतात, आणि त्यातला एक तुम्हाला दिला तर हॉटेलचं फारसं काही जात नाही.

"पॉइंट्सच्या रात्रींना मेंबरचे फायदे लागू नाहीत." उलट आहे. पॉइंट्सवरचा मुक्काम बॉन्वॉयमध्ये पात्र मुक्काम धरला जातो आणि त्या रात्री मेंबरच्या दर्जासाठीही (सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या) मोजल्या जातात. हिल्टन आणि हयात या दुसऱ्या हॉटेल साखळ्यांतही तसंच. फायदे जातात ते ट्रॅव्हल साइटवरून बुक केल्यावर. म्हणजे तिथून पैसे भरून घेतलेल्या रूमपेक्षा पॉइंट्सवरच्या रूमला अपग्रेडचा हक्क जास्त आहे.

मग अनुभव वेगळा का येतो? पहिलं कारण दर्जा. बॉन्वॉयमध्ये सिल्व्हरला १०, गोल्डला २५, प्लॅटिनमला ५० रात्री लागतात. सिल्व्हरला रूम अपग्रेड नाहीच. गोल्डला थोडी बरी रूम मिळू शकते : वरचा मजला, कोपऱ्याची खोली, चांगला व्ह्यू. स्वीटची दारं प्लॅटिनमपासून उघडतात, तीही उपलब्धतेनुसार आणि सगळ्या ब्रँडांत सारखी नाहीत. एचडीएफसी बँकेचं मॅरियट कार्ड सिल्व्हर देतं. ते कार्ड घेऊन पॉइंट्सवर राहिलेल्या माणसाला साधी रूम मिळाली, तर त्यात पॉइंट्सचा काही दोष नाही. रोख भरले असते तरी तीच मिळाली असती.

दुसरं कारण तारखा, आणि मेसेज लिहिणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. पॉइंट्स आपण कधी वापरतो? रोख दर डोळे पांढरे करतो तेव्हा : नाताळात गोवा, पावसाळ्यातल्या शनिवारी लोणावळा, लग्नसराईत पुणे. त्याच दिवशी स्वीट पैसे देणाऱ्यांनी आधीच घेतलेले असतात आणि उरलेल्यासाठी वरच्या दर्जाचे मेंबर रांगेत असतात. मंगळवारी ऑफिसच्या कामासाठी रोख भरून राहिलं की अपग्रेड मिळतं, सुट्टीत पॉइंट्सवर मिळत नाही. आणि खापर पॉइंट्सवर फुटतं. तुलना करायचीच तर तेच हॉटेल, तोच वार, तोच दर्जा घेऊन करा.

काही हॉटेलं हात आखडता घेतात, हे खरं आहे. "उपलब्धतेनुसार" या शब्दाचा अर्थ शेवटी फ्रंट ऑफिस लावतं. पण तो रोख पाहुण्यालाही तसाच लावला जातो.

आता बुकिंगमध्ये हमखास होणाऱ्या चुका. नवऱ्याच्या खात्यातून रूम घेतली आणि राहायला बायको आणि सासूबाई गेल्या, तर त्याचं प्लॅटिनम त्यांच्या कामाचं नाही. मेंबर स्वतः त्या रूममध्ये राहायला हवा. मुक्कामाला जाणाऱ्याचा दर्जा वरचा असेल तर पॉइंट्स त्याच्या खात्यात पाठवून तिथून बुक करा. वर्षाला १,००,००० पर्यंत पाठवता येतात. दोन वेगळे बेड मागितले की स्वीटची शक्यता घटते, कारण बहुतेक स्वीटमध्ये एकच किंग बेड असतो. सगळ्यात जास्त घोळ तुकड्यांच्या बुकिंगचा : एक रात्र कार्डासोबत मिळणाऱ्या मोफत रात्रीच्या व्हाउचरवर, दोन पॉइंट्सवर. सिस्टिमला ते दोन पाहुणे दिसतात. मधेच रूम बदलायला लावावी लागेल म्हणून डेस्क अपग्रेड टाळतं. दोन्ही कन्फर्मेशन नंबर देऊन हॉटेलला आधीच कळवा आणि बुकिंग जोडून घ्या.

हनीमूनची थाप मारू नका. त्यावर फार तर केक येतो, टॉवेलचे हंस येतात. स्वीट कुणाला द्यायचा हे त्या दिवशी येणाऱ्यांच्या यादीवरून ठरतं आणि त्या यादीत दर्जा दिसतो.

त्याऐवजी आदल्या दिवशी ॲपवर त्याच तारखांचा रोख शोध घ्या. सगळ्या रात्रींसाठी स्वीट विक्रीला दिसतोय का ते बघा, त्याचं नाव लिहून ठेवा. काउंटरवर "काही अपग्रेड मिळेल का?" असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं. "आज तिन्ही रात्रींसाठी एक्झिक्युटिव्ह स्वीट ॲपवर दिसतोय, प्लॅटिनम मेंबरला तो देता येईल का?" असं विचारलं की समोरच्याला स्क्रीनवर बघावंच लागतं. नाही म्हणाले तर दुपारी ४ च्या चेकआउटचं तिथेच पक्कं करून घ्या. तो प्लॅटिनमचा हक्क आहे, फक्त रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन (मोठ्या परिषदांच्या) हॉटेलांत उपलब्धतेवर.

बॉन्वॉयमध्ये ५० रात्रींनंतर जो एक वार्षिक फायदा निवडता येतो, त्यात ५ नाइटली अपग्रेड अवॉर्ड (वरच्या रूमची आधीच मागणी करायची कुपनं) घेता येतात, आणि ते पॉइंट्सच्या मुक्कामालाही लागतात. रात्रीमागे एक जातो आणि मुक्कामाच्या सगळ्या रात्री ती रूम मोकळी असावी लागते. म्हणून ते २ रात्रींच्या, आठवड्याच्या मधल्या मुक्कामाला लावा. मंजूर झाले नाहीत तर खात्यात परत येतात. स्वीट आधीच पक्का हवा असेल तर हयात बरं : तिथला स्वीट अपग्रेड अवॉर्ड पॉइंट्सच्या बुकिंगवरही चालतो, स्वीट मोकळा असेल तर बुक करतानाच कन्फर्म होतो आणि एकच अवॉर्ड ७ रात्रींपर्यंत पुरतो.