दहा बाय दहाच्या गॅरेजात टू-पोस्ट लिफ्ट? आधी टेप काढा

गाड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: "घरी स्वतः गाडीचं काम करता? मग चटई टाकून गाडीखाली झोपणं बंद करा. सरळ चार टनी टू-पोस्ट लिफ्ट घ्या. दहा फूट रुंद, दहा फूट उंच जागा पुरते. खाली चार इंच काँक्रीट असलं की अँकर मारून मोकळे. चार टन म्हणजे काहीही उचलेल. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालते. गाडी तेलाच्या दाबावरच उभी राहते, लॉक नुसता शोभेला. सिझर आणि फोर-पोस्ट म्हणजे पैसे पाण्यात. बंद पडलेल्या सर्व्हिस स्टेशनची जुनी मिळाली तर सोन्याहून पिवळं."

टू-पोस्ट म्हणजे दोन खांब आणि त्यांच्या चार हातांवर गाडी उचलणारं यंत्र. मेसेजमधलं चटईचं खरं आहे. बाकीचं एकेक घेऊ.

"दहा फूट रुंद, दहा फूट उंच जागा पुरते"

दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. साडेतीन-चार टनी नेहमीच्या टू-पोस्टची बाहेरून बाहेर रुंदी ३.३ ते ३.५ मीटर भरते. म्हणजे ती दहा फुटांत उभीच राहत नाही. खांबाच्या पाठीमागून माणूस जायला दोन्हीकडे दीड-दोन फूट सोडा, की हिशेब चौदा-पंधरा फुटांवर जातो. थोडी अरुंद मॉडेलं मिळतात, पण त्यांत फॉर्च्युनरसारखी १,८५५ मिमी रुंद गाडी घातली की दार खांबाला लागतं आणि आत बसलेला आतच राहतो.

उंचीचा घोळ याहून मोठा. टू-पोस्ट दोन प्रकारची. एकीत दोन खांबांना जोडणाऱ्या केबल आणि होज (तेलाच्या नळ्या) जमिनीवरच्या पट्टीखालून जातात, तिचे खांब साधारण २.८ ते २.९ मीटर. दुसरीत त्या वरच्या आडव्या तुळईतून जातात, ती साडेतीन मीटरच्या वरच असते. दहा फुटी छताखाली दुसरीचा विचारच नको. पहिलीही छताला बीम नसेल तरच. आपल्याकडे स्लॅबखाली नऊ इंच ते फूटभर बीम लोंबतोच, आणि खांबांची जागा नेमकी त्याच्याच खाली येते.

खांब बसले असं धरू. गाडी किती उचलता येईल? छताच्या उंचीतून गाडीची उंची आणि वर सुरक्षिततेचे १०० मिमी वजा करा. इनोव्हा क्रिस्टा १,७९५ मिमी उंच आहे, म्हणजे उरले १,१५५ मिमी. फॉर्च्युनर १,८३५, उरले १,११५. स्विफ्टला चौदाशेच्या आसपास मिळतात. म्हणजे १.८ मीटर उचलणाऱ्या यंत्राचे पैसे मोजून क्रिस्टाखाली स्टुलावरच बसायचं. ट्यूबलाइट, पंखा, शार्क-फिन अँटेना, रूफ रेल आणि शटर गुंडाळलं जातं तो ड्रम हे वेगळे मोजा. बॉनेट आणि डिकी उघडी ठेवूनही एकदा मोजा, कारण इंजिनचं काम बॉनेट उघडूनच होतं. खाली पट्टी असलेल्या लिफ्टला गाडीचं छत स्लॅबला टेकायच्या आत थांबवणारा स्विच बहुधा नसतो. तेव्हा खांबावर ऑइलपेंटने रेघ मारून ठेवावी, प्रत्येक गाडीची वेगळी.

"चार इंच काँक्रीट असलं की अँकर मारून मोकळे"

हा चार इंचांचा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकी मॅन्युअलांत चार-सव्वाचार इंच काँक्रीट लिहिलेलं असतं, पण त्याच ओळीत पुढे '३,००० पीएसआय, २८ दिवस मुरलेलं' असंही असतं. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धी ओळ खाल्ली आहे. ३,००० पीएसआय म्हणजे सुमारे २१ न्यूटन प्रति चौरस मिमी, आपल्या भाषेत एम-२० दर्जाच्या काँक्रीटच्या थोडं वर. आपण एम-२५ धरावं.

आता आपल्या गॅरेजात काय असतं ते पाहा. वर शहाबादी फरशी किंवा पार्किंग टाइल, खाली मसाला, त्याखाली १:४:८ किंवा फार तर १:३:६ (सिमेंट:वाळू:खडी) प्रमाणाचं पीसीसी, म्हणजे सळईविना काँक्रीट, मग सोलिंग (दगडांचा थर), मग मुरूम. १:३:६ म्हणजे एम-१०, हव्या त्या ताकदीच्या निम्मं. १:४:८ त्याहूनही कमी. जाडी चार इंच भरली तरी त्यात अँकर, म्हणजे खांब फरशीला जखडणारा पाचरीचा बोल्ट, धरणार नाही. पेव्हर ब्लॉकबद्दल बोलायलाच नको.

एवढी ताकद लागते कशाला? खांबावरचं वजन खांबाच्या डोक्यावर नसतं, हातांवर पुढे लोंबतं. दोन टनी गाडी असेल तर एका खांबाच्या वाट्याला एक टन. गाडीचा टेकू खांबाच्या बैठकीच्या आतल्या कडेपासून साधारण अर्धा मीटर पुढे असतो, आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट त्याच कडेपासून सुमारे ३५ सेंमी मागे. पहारीने दगड उपटावा तसा खांब गाडीच्या दिशेने कलायला बघतो, आणि मागच्या बोल्टांवर मिळून १,४०० किलोच्या आसपास वर ओढ बसते. हा ढोबळ हिशेब झाला. वर गाडी असताना कुणी मोठ्या पान्याला झटका दिला की क्षणभर तो वाढतो.

फरशीचा अंदाज नसेल तर कोपऱ्यात फरशी काढून दीड फुटाचा चौकोन खोदून बघा. पीसीसी कच्चं निघालं तर दोन्ही खांबांना जोडणारा एकच पट्टा ओतून घ्यावा: अंदाजे ३.६ बाय १.२ मीटर, १० किंवा १२ मिमी सळईची जाळी, जाडी २५० ते ३०० मिमी. सळईचं नक्की माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. दोन सुटे चौकोन स्वस्त पडतात, पण काळ्या मातीत ते वेगवेगळे हलतात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर्षभरात एक खांब ओळंब्यातून बाहेर. काळी माती असेल तर ती काढून मुरूम धुम्मस करून भरा, मगच ओता. सात ते दहा दिवस पाणी, २८ दिवसांनंतरच ड्रिल. खाली तळघर असलेल्या स्लॅबवर मात्र इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय एकही भोक पाडू नका.

भोक पाडताना बिट अँकरच्याच मापाचा, ड्रिल काटकोनात. भोकातली भुकटी ब्लोअरने बाहेर काढायची. ती राहिली की पाचर दगडाऐवजी पिठात रुतते. खांब ओळंब्यात आणायला लोखंडी पत्त्यांचं पॅकिंग द्या, लाकडाचं नको. मग मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंच लावा. टॉर्क येण्याआधीच अँकर वर सरकला किंवा गरगर फिरला तर बोल्टला बोल लावू नका, फरशी कच्ची आहे. काम चालू केल्यावर आठवड्याभराने टॉर्क पुन्हा तपासा.

"चार टन म्हणजे काहीही उचलेल"

चार टन हे चारही हातांचं मिळून, आणि वजन सारखं वाटलेलं असेल तर. एका हाताचं एक टन. घरगुती गाड्यांत तेवढं वजन क्वचितच येतं, त्यामुळे स्विफ्ट असो की फॉर्च्युनर, साडेतीन टनीही पुरते. घात वजनाने होत नाही, तोलाने होतो. पुढचं चाक ओढणाऱ्या गाडीचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर असतं. अशी गाडी लिफ्टवर घेऊन इंजिन-गिअरबॉक्स काढला की दीड-दोनशे किलो पुढून जातात, आणि नाक वर, शेपूट खाली असा झोका बसतो. म्हणून जड भाग उतरवण्याआधी मागे उंच घोडी (टेकूचा स्टँड) लावायची. घोडी गाडीला टेकवायची, तिने गाडी उचलायची नाही.

हात लावायच्या जागाही गाडीगणिक वेगळ्या. स्विफ्टसारख्या गाडीला दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीवर दोन खाचा असतात, लिफ्टच्या हाताच्या टोकाचा पॅड त्या खाचांच्या मध्ये. थोडा पुढे-मागे गेला की शिवण दुमडते, आणि दुमडलेल्या शिवणीत पहिल्या पावसातच गंज. क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, थार या चासीवरच्या गाड्या, हात थेट चासीला. तिथे फूटस्टेप आडवी येते, त्यामुळे पॅडखाली घालायचे उंच अडॅप्टर लिफ्टबरोबरच मागून घ्या. इलेक्ट्रिक गाडीचा बॅटरीचा डबा पोटाखाली असतो, त्याला पॅड चुकूनही लागता कामा नये. गाडीच्या पुस्तिकेत जॅक पॉइंटचं चित्र असतं, त्याची झेरॉक्स खांबाला चिकटवा.

"पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालते"

मोटर बहुधा २.२ किलोवॅटची, म्हणजे तीन हॉर्सपॉवर. सिंगल फेजवर चालतानाच १५ अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. प्लगची पिन तापते, सॉकेट काळवंडतं. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची वायर, मोटरसाठीचा सी-कर्व्ह एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवं. लाइट बिलावरचा मंजूर भारही बघा. एसी, गिझर आणि लिफ्ट एकदम चालले तर व्होल्टेज पडून मोटर नुसती गुरगुरते.

"लॉक नुसता शोभेला"

संपूर्ण मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य. तेलाचा दाब गाडी *उचलायला* असतो. सील झिजतं, होज फुटतो, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो, आणि गाडी कधी हळूच, कधी धाडकन खाली येते. गाडी खरी टेकायची ती खांबातल्या लोखंडी खटक्यावर, म्हणजेच लॉकवर.

रीत अशी. चारही पॅड जागेवर आणा, गाडी जमिनीपासून वीतभर उचला, थांबा. बंपर धरून जोरात हलवा. कुरकुरली किंवा सरकली तर खाली आणून पॅड पुन्हा लावा. मग हव्या त्या उंचीच्या जरा वर न्या. वर जाताना दोन्ही खांबांतून 'खट' 'खट' ऐकू यायला हवं. एकाच बाजूचा आवाज आला तर तिथेच थांबा. मग लिव्हर दाबून गाडी खटक्यावर *बसवा* आणि दोन्हीकडचे खटके एकाच दातावर आहेत ना ते डोळ्यांनी बघा. खाली आणताना उलट: आधी दोन-तीन इंच वर, मग दोन्ही खटके मोकळे, मग खाली. एकच खटका सुटून दुसरा अडकला की एक हात खाली जातो आणि दुसरा वरच राहतो. नव्या लिफ्टला झटके बसत असतील तर आत हवा आहे. गाडीशिवाय तीन-चारदा पूर्ण वर-खाली करा. तेल ३२ किंवा ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक, मॅन्युअल सांगेल ते. ब्रेक ऑइल अजिबात नको.

"सिझर आणि फोर-पोस्ट म्हणजे पैसे पाण्यात"

काय काम करता त्यावर आहे. ऑइल, ब्रेक पॅड, टायर अदलाबदल, लिंक रॉड, बुश. घरी होणारं बहुतेक काम एवढंच. त्याला गाडीच्या पोटाखाली कात्रीसारखी उघडून मीटरभर उचलणारी मिड-राइज सिझर पुरते. बंद असताना ती १०५-११० मिमी उंच असते आणि स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आहे, त्यामुळे गाडी वरून सरळ जाते. दहा बाय दहाच्या गॅरेजला आमची पहिली पसंती हीच. उणीव एकच, पण मोठी: मधली जागा लिफ्टनेच अडते. क्लच प्लेट, प्रॉपेलर शाफ्ट, मधला सायलेन्सर ही कामं तिच्यावर करणं म्हणजे पोत्यात हात घालून सुई ओवणं.

दोन सुट्या चौकटींची पोर्टेबल लिफ्ट अर्धा मीटर उचलते, काम झालं की भिंतीला लावून ठेवता येते, आणि गाडीच्या खाली मधली जागा मोकळी राहते. खाली झोपावं लागतंच, पण छातीवर गाडी नसते. जागा भाड्याची असेल तर हीच घ्या.

फोर-पोस्टमध्ये चार खांबांमधल्या लांब पट्ट्यांवर चाकं उभी राहतात, म्हणून ब्रेक-टायरच्या कामाला पट्ट्यांमध्ये सरकणारा वेगळा जॅक लागतो. बहुतेक मॉडेलांना अँकर लागत नाहीत. तिचा खरा उपयोग एकावर एक गाड्या लावायला. खाली क्रिस्टा, वर स्विफ्ट, मध्ये पट्ट्याची जाडी, म्हणजे साडेतीन मीटर छत हवं.

कोकणात किंवा गोव्यात, समुद्राच्या हवेत, कुठलीही लिफ्ट घेतली तरी खटक्याच्या खिळी आणि केबल आधी गंजतात. दर महिन्याला ग्रीस लागतं. आणि पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर पॅकवर (मोटर, पंप आणि तेलाची टाकी) पावसाची झड येऊ देऊ नका.

"जुनी मिळाली तर सोन्याहून पिवळं"

सर्व्हिस स्टेशनची लिफ्ट बहुतेक वेळा थ्री-फेज असते. घरी आणायची तर मोटर किंवा अख्खा पॉवर पॅक बदलावा लागतो, तो खर्च सौद्यात धरा. जागेवर चालू स्थितीत, गाडी चढवून बघा. खटक्यावर न बसवता अर्धा तास तशीच ठेवा, खाली कुणी जायचं नाही. खडूच्या खुणेपासून गाडी खाली सरकली तर सील गेलं. केबलवर कापूस फिरवा. जिथे तो अडकतो तिथे तार तुटलेली आहे, केबल बदलायचीच. हात फिरू नये म्हणून बुडाशी दातांची चकती असते. हात वर असताना तो ढकलून बघा, दात झिजले असतील तर हलेल. हातांच्या वेल्डिंगवर ताजा रंग दिसला तर तो खरवडून खाली केसासारखी भेग आहे का ते तपासा. नेमप्लेटवर क्षमता, सिरियल नंबर आणि बनवल्याचं वर्ष हवं, युरोपातली असेल तर कागदांत ईएन १४९३ या लिफ्टच्या युरोपीय मानकाचा उल्लेखही. आणि सोबत मूळ अँकर कुणी देऊ केले तर घेऊ नका. पाचरीचा अँकर एकदा ठोकला की दुसऱ्या भोकात कामाचा राहत नाही.