सर्दी झालीय ना? मग ॲझिथ्रो घ्याच!

नाक वाहायला लागलं, घसा खवखवतोय, अंगात जरा कणकण आहे, म्हणजे आता वाट बघण्यात काही अर्थ नाही. वाफ घेणं, गरम पाणी पीत दोन दिवस घरी पडून राहणं ही रिकामटेकड्या लोकांची कामं, तुम्हाला सोमवारी ऑफिस आहे. सरळ कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जा आणि "दादा, सर्दीवर काहीतरी स्ट्राँग द्या" एवढंच म्हणा, पुढचं त्याला बरोबर कळतं. तो एक सर्दीची गोळी, एक तापाची आणि वर ॲझिथ्रो ५००, म्हणजे ॲझिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक देईल. चिठ्ठी विचारणार नाही, आणि चुकून विचारलीच तर दुकान बदला, आपल्याकडे मेडिकलची काय कमी आहे का.

स्ट्रिपच्या मागे एक उभी लाल रेघ असते बघा. २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यावर मोहीमच काढली होती, की लाल रेघ असलेली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. रेघ चांगली आहे. दोनच गोळ्या हव्या असल्या की कात्री कुठून चालवायची ते दुकानदाराला त्यावरून कळत असावं.

आता घरातला एखादा शहाणा (बहुतेक बारावी सायन्सवाला भाचा) म्हणेल की अहो, साधी सर्दी व्हायरसने होते आणि ॲझिथ्रो व्हायरसला काहीच करत नाही. बरोबर आहे त्याचं. ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही सगळी मॅक्रोलाइड मंडळी बॅक्टेरियाच्या रायबोसोमला जाऊन चिकटतात, रायबोसोम म्हणजे प्रोटीन बनवायची जागा, आणि नवीन प्रोटीनची साखळी ज्या बोगद्यातून बाहेर पडते तो बोगदाच बुजवतात. व्हायरसकडे स्वतःचा रायबोसोम नसतोच मुळी, तो तुमचाच वापरतो. म्हणजे गोळीला तिथे करण्यासारखं काही नाही. पण भाच्याला एकच विचारा: मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की नाही? वाटलं. गोळी न घेताही तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटलं असतं हे कळायला एकदा गोळी न घेऊन बघावं लागेल, आणि एवढी रिस्क कोण घेतो. गुण आला म्हणजे आला.

तसं हे औषध खानदानी आहे. फिलिपीन्समधल्या इलोइलो भागातल्या मातीच्या नमुन्यात जो जंतू सापडला त्याच्यापासून एरिथ्रोमायसिन निघालं आणि १९५२ मध्ये बाजारात आलं, ज्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे अशा पेशंटसाठी तर ते देवासारखं धावून आलं. फक्त ते दिवसातून चारदा घ्यायचं आणि पोटात मुरडा यायचा. मग १९८० मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीतल्या केमिस्टांनी त्या रेणूच्या कड्यात एक नायट्रोजन घुसवला आणि ॲझिथ्रोमायसिन तयार झालं. दिवसातून एकदा, तीन दिवस, पोटाला त्रास कमी, लहान मुलांना गोड सिरप. इतकं सोयीचं औषध डांग्या खोकला, मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा न्यूमोनिया, टायफॉइड, कॉलरा, लेप्टो, डोळ्यांच्या खुपऱ्या असल्या खऱ्या आजारांसाठीच राखून ठेवायचं म्हणजे कंजूषपणाच नाही का? जागतिक आरोग्य संघटनेने त्याला 'वॉच' गटात टाकलंय, म्हणजे याच्यावर लक्ष ठेवा. आपण ठेवतोच. घरातली संपत आली की लगेच लक्षात येतं. २०१९ मध्ये आपल्या देशातल्या खाजगी बाजारात सगळ्यात जास्त खपलेली अँटिबायोटिक गोळी कुठली, तर ॲझिथ्रो ५०० मिलिग्रॅम. याला म्हणतात लक्ष.

घेण्याची पद्धत. पहिल्या दिवशी एक घ्या, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर थांबा, उरलेली डब्यात टाका. इथे सगळे ओरडतात, कोर्स पूर्ण करा, कोर्स पूर्ण करा. हे वाक्य आपण इतकं पाठ केलंय की कोर्स मुळात सुरूच कशाला केला हे विचारायचं राहूनच गेलं, आणि खरं सांगू का, ते राहू द्यावं हेच सोयीचं. नको असलेला कोर्स अगदी शेवटच्या गोळीपर्यंत निष्ठेने पूर्ण करणारा माणूस रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंची औषधाला दाद न देण्याची ताकद, वाढवायला अर्धवट सोडणाऱ्यापेक्षा काही कमी मदत करत नाही, उलट छाती काढून सांगतो की आम्ही बाबा सगळं डॉक्टरी पद्धतीने करतो.

त्यात ॲझिथ्रोची एक खासियत आहे, ती शरीरातून जायचं नावच घेत नाही. रक्तातली मात्रा निम्मी व्हायलाच अडुसष्ट तासांच्या आसपास लागतात आणि पेशींमध्ये तर ती अजून मुरून बसते. म्हणून तर तीन दिवसांत काम भागतं. पण म्हणूनच गोळ्या संपल्यावरही कितीतरी दिवस औषध हळूहळू कमी होत राहतं, जंतू मरणार नाही पण त्याला सराव मात्र होईल इतपत. नेट प्रॅक्टिसच म्हणा, बोलिंग सगळी तुमच्या खर्चाने. बेल्जियमच्या संशोधकांनी अगदी ठणठणीत माणसांना, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं, ॲझिथ्रो आणि क्लॅरिथ्रोचा कोर्स देऊन त्यांच्या घशातल्या साध्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंवर नजर ठेवली, २००७ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि निघालं असं की औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची जी भरती झाली ती १८० दिवसांनंतरही पुरती ओसरली नव्हती. म्हणजे गणपतीत घेतलेल्या गोळीचं पुण्य होळीपर्यंत टिकतं. दर सीझनला एक कोर्स करणाऱ्यांचा तर अखंड नामसप्ताहच चालू.

हे जंतू करतात काय? एकाकडे ईआरएम नावाचा जीन असतो, तो रायबोसोमवर नेमक्या त्या चिकटायच्या जागी एक छोटासा मिथाइल गट लावून ठेवतो, की औषध आलं तरी बसायला जागा नाही. गंमत म्हणजे तीच जागा क्लिंडामायसिनलाही लागते, त्यामुळे तुम्ही ॲझिथ्रो घेतलीत आणि निकामी झालं दुसरंच औषध, जे तुम्ही आयुष्यात कधी घेतलेलं नाही. दुसऱ्याकडे पंप असतो, आत आलेलं औषध तो बाहेर फेकतो. आणि हे जीन आपापसात वाटले जातात, तुमच्या घशातल्या निरुपद्रवी जंतूने शिकलेली गोष्ट तो न्यूमोनियाच्या जंतूला देऊन टाकतो, ओळखपाळख, जात-गोत काही बघत नाही. माणसांपेक्षा बरेच म्हणायचे.

आता मुख्य विषय, टायफॉइड. तापाच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन विडाल, म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ताची टेस्ट, करून घ्या. ही टेस्ट १८९६ सालची आहे, जुनं ते सोनं. आपल्यासारख्या भागात ती कधीही, कशानेही थोडीफार पॉझिटिव्ह दाखवू शकते, पूर्वी कधी टायफॉइड झालेला असला तरी, दुसराच ताप असला तरी. मग तो सुप्रसिद्ध निकाल मिळतो, "टायफॉइडची सुरुवात आहे". थोडासा टायफॉइड ही आपल्याकडची खास गोष्ट, माणूस थोडासा गरोदर असावा तशी. तेवढ्यावर ॲझिथ्रो, सोबत सेफिक्झिम हे आणखी एक अँटिबायोटिक, आणि अशक्तपणा वाटतोय म्हणून एक सलाईन. ब्लड कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखायची टेस्ट) करा असं एखादा डॉक्टर म्हणालाच, तर कल्चरला रक्त द्यायच्या आदल्या रात्री घरातली उरलेली गोळी आठवणीने घ्या. म्हणजे बाटलीत काही उगवणारच नाही, रिपोर्ट "नो ग्रोथ" येईल, आणि कुठला जंतू होता आणि त्याला कुठलं औषध चाललं असतं हे कोणालाच कधी कळणार नाही. हजारभर रुपये खर्चून इतकी पक्की अनिश्चितता दुसरीकडे मिळत नाही.

टायफॉइडच्या जंतूचा प्रवास बघण्यासारखा आहे. एकेकाळी क्लोरॅम्फेनिकॉल चालायचं, मग ॲम्पिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोलसकट तेही गेलं, मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं आणि तेही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गेल्यात जमा. २०१६ पासून पाकिस्तानच्या सिंध प्रांतात, हैदराबाद-कराचीकडे, असा टायफॉइड पसरला की वरची सगळी औषधं प्लस सेफ्ट्रिअॅक्सोनसुद्धा बाद. तोंडाने घ्यायचं एकच औषध उरलं, ॲझिथ्रो. नाहीतर मग मेरोपेनेमसारखी इंजेक्शनं शिरेतून, म्हणजे ॲडमिट व्हा. एका गोळीवर अख्ख्या भागातली पोरं अवलंबून, आणि बांगलादेशात आणि मग नेपाळ, पाकिस्तान, भारतातही ॲझिथ्रोला दाद न देणारे टायफॉइडचे जंतू सापडले, तिथे जीनमध्ये एका जागी बदल झाला की पंप जास्त कामाला लागतो, बस. तुमच्या नाक गळण्याचा आणि त्याचा काय संबंध असं तुम्ही विचाराल. अजिबात विचारू नका, असे प्रश्न पडले की गोळी घशाखाली उतरत नाही.

डांग्या खोकल्याचंही तेच. तान्ह्या बाळाला झाला तर ॲझिथ्रो हीच पहिली निवड, आणि चीनमध्ये मॅक्रोलाइडला न जुमानणारा डांग्या खोकला आता नवीन राहिलेला नाही. मायकोप्लाझ्माचा न्यूमोनियासुद्धा तिकडे बहुतेक असाच निघतो. पण चीन लांब आहे. आपल्याकडे तिकडून काही येतं का कधी?

डॉक्टरांशी कसं वागायचं तेही सांगतो. जो डॉक्टर तपासून म्हणतो "व्हायरल आहे, काही नको, चार दिवसांत जाईल", त्याला हातगुण नाही असं सोसायटीच्या ग्रुपवर लिहा. फी घेतली आणि साधी गोळी लिहून दिली नाही म्हणजे काय? पुढच्या खेपेला तो आपोआप सुधारतो. समोरच्या गल्लीतला देतोय म्हटल्यावर यालाही द्यावीच लागते, त्यालाही घर चालवायचंय. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना विनंती केली की अँटिबायोटिक लिहिताना कशासाठी देतोय तेही चिठ्ठीवर लिहा. लिहायला हरकत नाही, "पेशंटने मागितली" हे दोनच शब्द तर आहेत.

परदेशातल्या मंडळींनी तर मागे राहूच नये. न्यू जर्सीतला डॉक्टर म्हणतो रेस्ट घ्या आणि पाणी प्या, हे ऐकायला का आपण एवढा इन्शुरन्स भरतो? म्हणून पुण्याहून परत जाताना बॅगेत भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट यांच्या मध्ये ॲझिथ्रोच्या चार स्ट्रिप असतातच, एक शेजारच्या गुजराती कुटुंबालाही पुरते.

२०२० तर आपला सुवर्णकाळ. कोविड व्हायरस आहे हे अख्ख्या जगाला नावानिशी माहीत होतं, तरी घराघरात ॲझिथ्रोचा साठा होता, आणि जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे ३ कोटी ८० लाख डोस जास्त खपले असा विक्रीच्या आकड्यांवरून नंतर अंदाज निघाला. पुढे ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये हजारो ॲडमिट पेशंटवर नीट तपासून कळलं की कोविडमध्ये तिचा काही फायदा नाही. कळलं तोवर आपण पुढच्या लाटेची खरेदी करून ठेवली होती.

आणि तुम्ही गोळी घेणारच नाही असा हट्ट केलात तरी फार फरक पडू नये अशी सोय आहे. टायलोसिन नावाचं मॅक्रोलाइड कोंबड्यांना देतात, म्हणजे जंतूंचा सराव तिकडेही चालूच. नुसतं वजन वाढावं म्हणून खाद्यात घालायला युरोपने १९९९ पासून बंदी केली, युरोपला कशाचंही कौतुक नाही.

एक देश मात्र अगदी अनुकरणीय नाही, फिनलंड. तिथे १९९० च्या सुमाराला घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये एरिथ्रोमायसिनचा रेझिस्टन्स वाढायला लागला, तर यांनी देशभर डॉक्टरांना सांगितलं की मॅक्रोलाइड जपून वापरा, आणि डॉक्टरांनी चक्क ऐकलं! वापर एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आला आणि रेझिस्टंट जंतूंचं प्रमाण १९९२ च्या १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर. म्हणजे जंतूंनी इतक्या मेहनतीने कमावलेलं पार अर्ध्यावर आणलं. लोकसंख्या पन्नास लाख, थंडी भरपूर, कोपऱ्या-कोपऱ्यावर मेडिकल नाही, त्यांना काय जातंय.

जाता जाता एका गोष्टीपासून सावध करतो. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना टायफॉइडची नवीन लस सरकारी मोहिमेतून दिली, देशात अशी पहिलीच. आजारच झाला नाही तर विडाल नाही, कल्चर नाही, ॲझिथ्रो नाही, म्हणजे आत्तापर्यंत सांगितलेलं सगळं मुसळ केरात. उद्या तुमचा पोरांचा डॉक्टरही ती लस सुचवेल. ठाम नाही म्हणा. पोरगं ठणठणीत असताना, अंगात काही नसताना त्याला औषध द्यायला आपण काय वेडे आहोत?