जिंकत असताना कोच का बदलायचा?

गेल्या रविवारी लेकीच्या स्पर्धेचा निकाल घरच्या ग्रुपवर टाकला. पाचवी आली. गेल्या वर्षी याच स्पर्धेत पहिली होती. पाच मिनिटांत विचारणा सुरू झाली. "आधीचे सर चांगले होते की गं, कशाला बदललंत?" मग वन्संनी लिहिलं, "जिंकत असताना कुणी कोच बदलतं का?" त्यांना लेकीची काळजी आहे, म्हणूनच विचारलं, हे मला माहीत आहे. पण याचं उत्तर ग्रुपवर दोन ओळींत देता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि आर्टिस्टिक स्केटिंग करते. बर्फावर नाही, चाकांवर. आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की लोकांना शर्यतच आठवते. यात शर्यत नसते. संगीतावर उड्या, गिरक्या, पदन्यास असतात आणि उड्यांची नावं बर्फावरच्या फिगर स्केटिंगमधलीच असतात. सालकाव, लूप, फ्लिप, लुत्झ, अ‍ॅक्सल. म्हणून आमच्या घरात गेली कित्येक वर्षं बर्फावरच्या स्पर्धा पाहिल्या जातात, आणि म्हणूनच वन्संच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जपानच्या माओ असादाची गोष्ट सांगावीशी वाटते.

माओ नागोयाची. जन्म सप्टेंबर 1990 चा. पहिल्या मोठ्या बाई माचिको यामादा. याच यामादाबाईंनी त्याच शहरात आधी मिदोरी इतोला घडवलं होतं. स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सल उतरवणारी जगातली पहिली स्त्री म्हणजे इतो, साल 1988. बाकीच्या सगळ्या उड्या पाठमोरं जाता जाता घेतात. अ‍ॅक्सल एकटी समोर तोंड करून घ्यायची आणि पाठमोरं उतरायचं, त्यामुळे तिच्यात अर्धा फेरा जास्त पडतो. ट्रिपल अ‍ॅक्सल म्हणजे हवेत साडेतीन फेरे. इतोनंतर फार थोड्या मुलींना ती जमली. माओला ती किशोरवयातच जमली. 2005 च्या डिसेंबरमध्ये, पंधरा वर्षांची असताना, तिनं टोकियोत ग्रां प्री फायनल ही मोठी स्पर्धा जिंकली. पण वयाच्या नियमात जेमतेम तीन महिन्यांनी कमी पडली म्हणून त्या हिवाळ्यातलं तुरिनचं ऑलिंपिक तिला खेळताच आलं नाही.

पुढे ती अमेरिकेत राफाएल अरुत्युन्यान यांच्याकडे शिकायला गेली. 2008 च्या सुरुवातीला तो संबंध तुटला. त्या मार्चमध्ये गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत तिच्यासोबत कोच नव्हता. तिथे ट्रिपल अ‍ॅक्सल घ्यायला निघतानाच पाय सटकला, ती आपटली आणि घसरत गेली. उठली, बाकीचं सगळं नीट केलं आणि विश्वविजेती झाली. मग मॉस्कोच्या तातियाना तारासोव्हा आल्या. ऑलिंपिक विजेते घडवलेल्या बाई, संगीताची आणि नाट्याची प्रचंड समज. पण त्या रशियात आणि ही बहुतेक काळ जपानमध्ये. रोजच्या सरावात पायाची धार नेमकी कुठे वळते आहे हे शेजारी उभं राहून पाहणारं कुणी नव्हतं.

2010 चं व्हँकुव्हर ऑलिंपिक. माओनं तिथे एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल अ‍ॅक्सल उतरवले. त्याआधी कुठल्याही स्त्रीनं हे केलेलं नव्हतं. आणि तरीही सोनं गेलं. दक्षिण कोरियाच्या युना किमला 228.56 गुण, माओला 205.50. तेवीस गुणांचा फरक! स्पर्धा दोन भागांत असते, आधी छोटा कार्यक्रम आणि मग दीर्घ. दीर्घ कार्यक्रमाच्या उत्तरार्धात माओच्या चुका झाल्या होत्या हे खरं. युना त्या रात्री अप्रतिम खेळली हेही तितकंच खरं. पण मुळात प्रश्न वेगळा होता. माओ सगळ्यात अवघड उडी मारत होती आणि तिच्यापेक्षा सोप्या उड्यांत मार खात होती.

लुत्झचंच बघा. स्केटच्या पात्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. लुत्झ घेताना डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर पाठमोरं जायचं आणि उजव्या पायाच्या टोकाचे दाते बर्फात रोवून उलट्या दिशेला फिरायचं. शरीर एकीकडे वळलेलं आणि फिरायचं दुसरीकडे, म्हणून ती कठीण. माओचा पाय ऐन क्षणी आतल्या धारेवर कलायचा आणि लुत्झची फ्लिप, म्हणजे आतल्या धारेवरून घ्यायची सोपी उडी, व्हायची. परीक्षक तेवढ्याचे गुण कापायचे. सालकाव तर ती टाळायचीच. शिवाय फेरा थोडा अपुरा राहायचा. त्या वेळचा नियम कडक होता: पाव फेऱ्याहून जास्त कमी पडलं की ट्रिपल अ‍ॅक्सलला डबलचे गुण. 8.2 चे थेट 3.5.

आता वन्संच्या प्रश्नाकडे येते. व्हँकुव्हरनंतर महिन्याभरात तुरिनच्या जागतिक स्पर्धेत माओनं सोनं जिंकलं, युनाला मागे टाकून. म्हणजे ऑलिंपिकचं रौप्य हातात, विश्वविजेतेपद हातात, वय एकोणीस. या जागी असताना तिनं ठरवलं की आपल्या उड्या पायापासून चुकल्यात आणि त्या पायापासून पुन्हा बांधायच्या. 2010 च्या सप्टेंबरमध्ये ती नोबुओ सातो यांच्याकडे गेली. सातो तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. स्वतः दहा वेळा जपानचे विजेते. त्यांची मुलगी युका 1994 ची विश्वविजेती. या माणसाकडे झटपट काही मिळणार नव्हतं. मिळणार होतं ते मूळ स्केटिंग: गुडघा किती वाकवायचा, वेग कसा धरायचा, उडीत शिरताना धार कशी सोडायची.

आणि पहिली स्पर्धा कुठे आली? नागोयात, तिच्या स्वतःच्या गावात, एनएचके ट्रॉफी ही ग्रां प्रीतली स्पर्धा. विश्वविजेती आठवी आली. जी उडी दहा वर्षं डोळे मिटून जमत होती तीही जमेना. हे असंच होतं, हे मी आता जवळून बघते आहे. जुनी सवय मोडलेली असते आणि नवी अंगात मुरलेली नसते. मधल्या काळात शरीराला दोन्ही आठवतं आणि हवेत गेल्यावर त्याचा गोंधळ उडतो. त्यानंतर पॅरिसला पाचवी. 2011 च्या जागतिक स्पर्धेत सहावी, 2012 लाही सहावी. त्याच दरम्यान, डिसेंबर 2011 मध्ये, ती स्पर्धेसाठी कॅनडात पोहोचलेली असताना आईची प्रकृती ढासळल्याचं कळलं. स्पर्धा सोडून परत निघाली, पण आईची भेट झाली नाही. दोन आठवड्यांनी ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि जिंकली. यावर मी काही लिहू शकत नाही.

या सगळ्यात तिच्या ट्रिपल अ‍ॅक्सलवर किती बोललं गेलं! हट्ट सोड, डबल मार, सुरक्षित खेळ. मला वाटतं लोक इथे चुकले. तिनं ती उडी सोडायची नाही म्हटलं ते खरं, पण थांबवली की! 2012 च्या हिवाळ्यात ग्रां प्रीच्या स्पर्धा ती ट्रिपल अ‍ॅक्सलशिवाय खेळली, आणि जिंकलीही. तोवर बाकीचं घर बांधून होत आलं होतं. मग फेब्रुवारी 2013 मध्ये ओसाकाला छोट्या कार्यक्रमात ती उडी पुन्हा काढली आणि उतरवली. जी उडी आपली ओळख आहे ती महिनोन्‌महिने बाजूला ठेवायची, आणि तेही सगळं जग "ही आता संपली" म्हणत असताना. यासाठी लागणारं धैर्य साडेतीन फेऱ्यांपेक्षा मला मोठं वाटतं.

सगळेच कोच यासाठी बदलत नाहीत, हेही सांगायला हवं. रशियाच्या अलेक्सांद्रा त्रुसोव्हानं 2020 मध्ये कोच बदलला, वर्षभरात ती परत पहिल्या बाईंकडे आली. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सतरा वर्षांच्या या मुलीनं एका कार्यक्रमात पाच क्वाड मारले, म्हणजे चार-चार फेऱ्यांच्या पाच उड्या. रौप्य मिळालं आणि ती रडत होती, हा खेळ मला नको म्हणत होती. तो प्रसंग मी आणि लेक दोघींनी पाहिला, आणि मी टीव्ही बंद केला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेनं वरिष्ठ गटाचं किमान वय टप्प्याटप्प्यानं सतरावर न्यायचं ठरवलं. उशिरा का होईना, बरं केलं.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आड येते. गुरू बदलणं म्हणजे आपल्याला कृतघ्नपणा वाटतो. बॅडमिंटनपटू साईना नेहवालनं 2014 मध्ये गोपीचंद यांची अकादमी सोडून बंगळुरूला विमल कुमार यांच्याकडे जायचं ठरवलं तेव्हा केवढी चर्चा झाली. पुढच्या वर्षी ती जगात पहिल्या क्रमांकावर होती. 2017 मध्ये ती पुन्हा गोपीचंदांकडे गेली आणि त्यांनी तिला घेतलंही. म्हणजे ज्यांच्यात हे घडलं त्यांनी ते निभावून नेलं. आपणच बाहेर बसून बाजू घेत राहिलो. गायिका किशोरीताई आमोणकरांना तर घरातच आई मोगूबाईंसारखी गुरू होती, तरी त्या इतर घराण्यांच्या उस्तादांकडे आणि बाईंकडे शिकल्याच. त्यानं मोगूबाईंचं शिकवणं कमी झालं का?

आमचं सांगते. लेकीला सहा वर्षं ज्या सरांनी शिकवलं त्यांच्यामुळेच तिला चाकांची गोडी लागली. पडल्यावर रडायच्या आत उठायचं हे त्यांनीच शिकवलं. गुरुपौर्णिमेला ती त्यांच्या पाया पडून आली, पेढे देऊन आली. पण तिचा अ‍ॅक्सल खोटा होता. जमिनीवरच अर्धं वळून घ्यायची आणि मग उडायची. जिल्हा पातळीवर ते खपत होतं, पदकं मिळत होती. डबलकडे जायची वेळ आली तेव्हा घोटा दुखायला लागला. नव्या मॅमनी व्हिडिओ सावकाश लावून आम्हाला दाखवलं आणि म्हणाल्या, अ‍ॅक्सल बंद. तीन महिने फक्त वॉल्ट्झ जंप. ती अर्ध्या फेऱ्याची उडी, सातव्या वर्षी शिकतात ती. पहिल्या दिवशी घरी येऊन लेक उशीत तोंड खुपसून रडली. "आई, लहान मुली हसतात गं माझ्याकडे बघून."

त्या रात्री मी तिला माओचं सोची ऑलिंपिक दाखवलं. फेब्रुवारी 2014. छोट्या कार्यक्रमात माओ अ‍ॅक्सलवर पडली, जोडउडी राहून गेली, सोळावी. जपानचे एक माजी पंतप्रधान जाहीरपणे म्हणाले की मोक्याच्या वेळी ही मुलगी हमखास पडते. दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या गटात नव्हती, पदकाची आशा संपलेली होती. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले असतील. मी लॅपटॉपवर अडकत अडकत चालणारं प्रक्षेपण बघत होते. रॅचमनिनॉफचा दुसरा पियानो कन्चेर्तो सुरू झाला. पहिलीच उडी ट्रिपल अ‍ॅक्सल. उतरली. मग फ्लिप आणि लूप, लुत्झ, टो लूप, आणि तिनं वर्षानुवर्षं टाळलेला सालकावसुद्धा. आठ ट्रिपल, सहाही प्रकारच्या. संगीत थांबलं तेव्हा तिनं वर पाहिलं, चेहरा रडवेला झाला आणि मग ती हसली. 142.71 गुण, दीर्घ कार्यक्रमातली तिची तोवरची सर्वोत्तम कामगिरी. एकूण सहावी. परीक्षकांनी तेव्हाही काही फेरे अपुरे धरले, आणि लुत्झच्या धारेचा प्रश्न तिचा पूर्णपणे कधीच सुटला नाही. महिन्याभरानं जपानमधल्या साइतामाच्या जागतिक स्पर्धेत ती तिसऱ्यांदा विश्वविजेती झाली, पण मी लेकीला साइतामा दाखवलं नाही. सोचीच दाखवलं. तिनं ते तीनदा मागे नेऊन पाहिलं, आणि तिसऱ्यांदा फक्त पाय पाहिले.

तर वन्सं, तुमचं म्हणणं बरोबर आहे, ती जिंकत होती. आता काही महिने जिंकणार नाही. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेतही तिच्या कार्यक्रमात अ‍ॅक्सल नसेल, मॅमनी तसंच ठरवलंय आणि तिनंही ते मान्य केलंय. वॉल्ट्झ जंप मात्र बघा, आता ती खरंच वरून येते. सकाळी साडेसातला सुरू होतं. रिंक उघड्यावर आहे आणि गारठा असतो, येताना शाल घेऊन या.