पंचगंगा शेवटी जाते कुठं?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापूरकराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळाली की तिचा पत्ता मात्र, पुराचं खापर ज्याच्यावर फुटतं त्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणापर्यंतच ठाऊक. पलीकडं आपलं भांडण नाही, म्हणून चौकशीही नाही. ही उणीव भरून काढायला दहा बुलेटी कृष्णेच्या मुखाशी न्यायचं ठरतं. सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा, इथवरच सुमारे ८०० किलोमीटर. तेही मे महिन्यात, कारण पावसाळ्यात पाणी बघायला लांब जावं लागत नाही.

दहा गाड्यांत सगळ्यात जास्त वेळ पंपावर जातो. एका गाडीला तीन मिनिटं धरली तरी अर्धा तास, आणि तोवर पहिला तंबाखू मळत गायब. म्हणून तालमीच्या गणपतीसारखी वर्गणी आधीच काढावी, एकानं बिल द्यावं, आणि सगळ्यात लहान टाकीवाल्याला लागेल तेव्हा सगळ्यांनी भरावं. वळणावर प्रत्येकानं मागच्याचा दिवा दिसेपर्यंत थांबायचं. पाने आणि पंक्चरचं सामान शेवटच्या गाडीवर. पुढच्या गाडीवर असलं तर ते सामान हैदराबादेत आणि पंक्चर उमरग्यात.

हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी. दुपारी ती तापून तीन-चार पीएसआय जास्त दिसते. तेव्हा काढून टाकणारा शहाणा प्रत्येक ग्रुपात एक असतो. दुसऱ्या दिवशी त्याचाच टायर बसलेला.

हैदराबादेपर्यंत ऊन कोरडं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट भिजवून जॅकेटच्या आत घातला की गारवा लागतो. विजयवाड्याच्या पुढं हा उपाय फसतो, दमट हवेत काही वाळतच नाही. तिथं पहाटे पाचला निघून दहाला सावली गाठणं एवढंच हातात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. नुसतं लिंबू सोडा पिऊन भागत नाही, कितीही ढेकर आले तरी.

विजयवाड्यातला १९५७ सालचा प्रकाशम बंधारा ओलांडला की सगळं सपाट. कालव्याच्या भरावावरून चिंचोळा रस्ता, त्यावर वाळत घातलेलं भात. त्यावर ब्रेक दाबला की गाडी गोट्यांवरून गेल्यासारखी सुटते. पण खरी परीक्षा थांबल्यावर. साइड स्टँड गाळात हळूहळू रुततो, जवळजवळ दोनशे किलोची बुलेट शेजारणीच्या अंगावर कलते आणि अख्खी रांग आडवी. खाली ठेवायला चपटा दगड शोधावा, तर नदीनं आणलेल्या गाळाच्या मुलखात दगड येणार कुठनं? करवंटी फुटते. टिकते ती कोल्हापुरी चप्पल: रुंद तळ, जाड कातडं, गाडी ताठ. मालक अनवाणी.

पुलिगड्ड्याला नदी फुटते, हंसलदीवीला एक फाटा समुद्राला मिळतो. खाऱ्या वाऱ्यानं चेन गंजते, त्याच रात्री गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून तेल द्यावं. हे सांगूनही कुणी करत नाही, कारण सगळे पाण्याकडं पळालेले असतात. मे महिन्यात नदीचं पाणी वरच्या वर धरणांनी आणि कालव्यांनी अडवलेलं, समोर दिसतो तो भरतीनं आत शिरलेला समुद्रच. एकजण बोट बुडवून चाखतो.

"खारट हाय की रं! आपलं पाणी कुठाय मग?"

"अलमट्टीत."